हॉर्न मुद्दाम वाजवला

आफ्रिकेच्या सफरीचे फोटो दाखवताना पडद्यावर ती हत्तीण आली की मालन खुर्चीची कड घट्ट धरायची. हत्तिणीचं भय तिला उरलं नव्हतं. भय होतं ते संदेशरावांच्या पुढच्या वाक्याचं. संदेशराव रिमोट टेबलावर ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि हसू दाबत म्हणायचे, "आता आमच्या सारथी मालनताईंची एक गंमत सांगतो." एवढं म्हटलं की सभागृह हसायला सरसावून बसायचं.

गंमत त्यांनी चांगली घासूनपुसून तयार केली होती. मालनताई म्हणजे रत्नागिरीच्या बंदरावरून कोल्हापूरला मासळीची पिकअप नेणारी बाई. पंधरा वर्षं आंबा घाट चढतेय, उतरतेय. घाटात प्रत्येक वळणावर हॉर्न द्यायचा ही सवय अंगात मुरलेली. तर बोत्स्वानाच्या जंगलात एक आंधळं वळण आलं, आणि मालनताईंनी दिला की हो हॉर्न. "आणि वळणापलीकडे कोण? ट्रक नव्हे, एसटी नव्हे. पिल्लू घेऊन निघालेली ही गजगामिनी." इथे ते पडद्याकडे हात करायचे, लोक खिदळायचे, आणि मागून कुणीतरी तोंडानं 'पोंऽऽ' करायचा.

शहरातल्या वाचनालयात हे झालं, कॉलेजात झालं, गुहागरला झालं. तिन्ही ठिकाणी मालन स्टेजच्या कडेच्या खुर्चीत बसून लोकांबरोबर हसली. हसून हसून गाल दुखले. गुहागरहून येताना तिनं गाडीत मनाशी ठरवलं की आता चौथ्यांदा हसायचं नाही. घर येईस्तोवर ते ठरवलेलं मोडलंही, कारण उतरताना संदेशराव म्हणाले, "मालन, पुढच्या ऑगस्टात नामिबिया. दोन गाड्या नेणार आहे. एकीवर तूच. फक्त तो हॉर्नचा किस्सा असाच चालू दे, लोकांना भारी आवडतो." स्टेजवर ती मालनताई असायची. खाली उतरलं की नुसती मालन.

आणि तिला परत जायचं होतं. इतकं जायचं होतं की घाटात ट्रकामागे अडकली तरी तिच्या डोळ्यांपुढे ती पांढऱ्या वाळूची वाट यायची.

मुळात ती गेली हीच नवलाई होती. संदेशराव बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. दोन वर्षं नकाशे पसरून त्यांनी बेत आखला होता. जोहान्सबर्गला टपावर तंबू असलेली गाडी भाड्यानं घ्यायची, बोत्स्वानातून वर झांबेझी नदीपर्यंत जायचं, तिथून नामिबियात शिरून वाळवंटाच्या कडेकडेनं परत. चोवीस दिवस, सहा हजार किलोमीटर, वाटेत दिसेल ते जनावर बघायचं. बरोबर त्यांचा पुतण्या भावेश, फोटो काढायला. पक्ष्यांचं वेड असलेल्या ज्ञानेश्वरीबाई, ज्यांनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. आणि गाडी चालवायला एक मित्र. त्या मित्राची ऐन वेळी बायपास झाली. संदेशरावांचे गुडघे तासाभराच्या वर क्लच दाबू देईनात. तेव्हा बाई म्हणाल्या, "तिकडे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात ना? मग माझी मालन आहे की."

मालन बाईंच्या हाताखाली सातवीपर्यंत शिकलेली. तिचा नवरा केरू ट्रॉलरवर होता, तो म्हणाला, "जा. फक्त सुकट घेऊन जा, तिकडं काय खाशील." बापानं, विठू तांडेलानं, काहीच म्हटलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी तिनं पिकअप घेतली तेव्हाही तो महिनाभर तिच्याशी बोलला नव्हता. होडीवर सगळी उमर काढलेला माणूस, चार चाकांना तो वाहन मानायचाच नाही. त्यातून बायकोमाणसानं चालवायचं म्हणजे तर बोलायलाच नको.

तर ती गेली, आणि दुसऱ्याच दिवशी संदेशरावांना कळलं की बाई किती शहाण्या होत्या. हौसेनं त्यांनी स्टिअरिंग घेतलं आणि गाडी चाकांच्या आसापर्यंत वाळूत रुतवली. मालननं उतरून चारही टायरांतली हवा कमी केली, भाट्याच्या समुद्रकाठच्या पुळणीवर पिकअप काढायची तशीच गाडी हलक्या हातानं बाहेर काढली. वाळूत गाडीशी भांडायचं नसतं, तिला तरंगू द्यायचं असतं. त्यानंतर संदेशरावांनी स्टिअरिंगचं नाव काढलं नाही.

सिंह पहिल्यांदा दिसले तेही मालनमुळे. पाण्यावर पाखरं कुठे घिरट्या घालतात यावरून मासळीचा थवा ओळखायचा, हे तिच्या घरात लहान पोरालाही कळतं. तिथे गिधाडं आभाळात फिरताना दिसली, आणि तिनं कुणाला न विचारता गाडी तिकडे वळवली. रानम्हशीच्या धुडाशेजारी पोटं फुगवून सहा सिंहिणी आडव्या झालेल्या. एकीनं मान उचलून मालनकडे बघितलं, जांभई दिली आणि पुन्हा झोपली. मालनला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. कार्यक्रमात ही गोष्ट संदेशराव "आम्ही गिधाडांवरून माग काढला" अशी सांगायचे. त्याचं तिला काही वाटलं नाही. सिंह काय, सगळ्यांचेच.

हॉर्नचं मात्र वाटायचं. कारण तिथे वळण नव्हतं, गाडी चालू नव्हती आणि सवय तर मुळीच नव्हती.

खरं घडलं ते असं. ते सकाळी ख्वाई नदीकाठचा तळ सोडून सावुतीकडे निघाले होते. संदेशरावांना तिथे बिबळ्या बघायचा होता, आणि तोही उन्हं चढायच्या आत. वाटेत अभयारण्याचं गेट लागलं, तिथे स्वच्छतागृह होतं. बाईंनी मागच्या सीटवरून म्हटलं, "संदेश, दोन मिनिटं थांबू या का?" संदेशराव कागदपत्रं घेऊन आले आणि म्हणाले, "पुढे थांबू, बाई. आत्ताच तर निघालोय." बाईंनी आणखी एकदा विचारलं, जरा हळू आवाजात. मालननं आरशातून त्यांच्याकडे बघितलं. बाई रक्तदाबाची गोळी घेत, आणि त्या गोळीनं काय होतं हे घरात म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पुरुषांचं काय, ते झाडाआड जाऊन दोन मिनिटांत मोकळे. बाई आणि मालन मात्र दहा दिवस घोट घोट मोजून पाणी पीत होत्या. गेटवर तेव्हाच अडून बसायला हवं होतं, ही आपली चूक मालन आजही कबूल करते.

पुढे दोन तास नुसती वाळू. संदेशराव घड्याळ बघत होते. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मग मालननं कुणाला न विचारता गाडी थांबवली. संदेशराव म्हणाले, "इथे का? इथे उतरायला परवानगी नाही." मालन म्हणाली, "थांबायला हवं." होडीवर मालक बसला असला तरी पाण्यात शब्द तांडेलाचा, होडी हाकणाऱ्याचा चालतो, मालकानं गुमान बसायचं असतं. मालन तांडेलाची लेक, तिला यात वावगं काही दिसलं नाही. संदेशरावांना दिसलं. ते तोंड फिरवून बसले.

पुढे डाव्या अंगाला पुरुषभर उंचीचं वारूळ होतं. मालन उतरायला लागली तर बाई म्हणाल्या, "तू स्टिअरिंग सोडू नकोस." आणि त्या एकट्या वारुळाआड गेल्या. मालन दोन्ही बाजूंना नजर लावून बसली. मिनिटभर झालं असेल. उजवीकडच्या झाडीतून आधी पिल्लू आलं, मग त्याच्यामागून हत्तीण. त्यांची पायवाट रस्ता ओलांडून थेट वारुळाकडेच जात होती. बाईंची पाठ त्यांच्याकडे.

हाक मारली तर बाई दचकून उठणार, धावणार. धावणाऱ्या माणसाला पिल्लाजवळची हत्तीण काय करते हे पहिल्याच दिवशी गाडी भाड्यानं देणाऱ्यानं बजावलं होतं. मालननं तळवा हॉर्नवर ठेवला आणि दाबून धरला. उचललाच नाही. हत्तिणीनं कान पसरले आणि रोख गाडीकडे वळवला. मालननं गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, मान मागे वळवली आणि हॉर्नवरचा हात न काढता वाळूतून सरळ मागे निघाली. संदेशराव ओरडत होते, "पुढे घे, पुढे घे." भावेशनं कॅमेरा पायांत टाकून डोकं गुडघ्यांत घातलं होतं. हत्तीण धुरळा उडवत मागोमाग आली, पार बोनेटजवळ आली, मग थांबली. सोंडेनं वाळू फेकली. मागे वळून पिल्लाला बरोबर घेतलं आणि आलेल्या झाडीत परत शिरली.

मालन गाडी घेऊन पुन्हा वारुळाशी आली तेव्हा बाई तिथेच बसलेल्या, तोंडावर पदर धरून. तळावर पोचल्यावर त्यांनी मालनला बाजूला घेतलं. "मालन, हे रत्नागिरीत कळता कामा नये. अर्ध्या गावाला मी शिकवलंय. म्हातारी अशी मेली असती, असं हसतील लोक." मालननं त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. मग बाईंनी पुरुषांनाही तेच सांगितलं, त्यांनी मान डोलावली.

आणि परत आल्यावर पहिल्याच कार्यक्रमात संदेशरावांनी हॉर्न वळणावर नेऊन ठेवला. ती हत्तीण त्यांना फोटोत दाखवायची होती. भावेशनं तो फोटो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कळपाचा घेतला होता, ते सोडा. गोष्ट सांगायची, पण गेटवर थांबलो नाही ते सांगायचं नाही, म्हणून त्यांनी मालनची सवय पुढे केली. घाटातल्या हॉर्नची गोष्ट रत्नागिरीत कोण खोटी मानणार? इथला प्रत्येक ड्रायव्हर वळणावर हॉर्न देतो. बाईंनी रुमाल बोटांना गुंडाळत खाली बघितलं. मालननं शब्द दिला होता, ती हसली.

त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. बंदरावर तिची पिकअप शिरली की लिलावाच्या ओट्यावरून 'पोंऽऽ' यायला लागलं. बर्फाच्या कारखान्यात रांगेत उभी राहिली की कुणी म्हणायचा, "तिला पुढं सोडा रे, नायतर हत्ती बोलवील." पंधरा वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, आंबा घाटात धुक्यात लोक तिच्या मागच्या लाल दिव्यावर भरवसा ठेवून उतरायचे. ते सगळं एका किश्शात गेलं. बाईमाणसाला गाडी नीट चालवता येते कुठे, असंच लोकांना आधीपासून म्हणायचं होतं. त्यांना आता हत्तीण सापडली.

चौथा कार्यक्रम बंदराजवळच्या शाळेत होता. इथली माणसं तिची स्वतःची. मासळी विकणाऱ्या बायका पाट्या बाहेर ठेवून आत येऊन बसल्या होत्या, त्यांत मालनची शेजारीण मनिषा पुढेच. खलाशी मागे उभे होते. आणि दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, तिचा बाप. शहात्तर वर्षांचा विठू तांडेल, दोन्ही हात काठीवर. त्याला कुणी आणलं ते मालनला कळेना. त्याला बघून तिनं खुर्ची जरा मागे ओढली.

संदेशराव रंगात होते. जिराफ पाणी प्यायला पाय कसे फाकवतो ते त्यांनी हातांनी करून दाखवलं, बायका हसल्या. पाणघोडे झाले, रानकुत्रे झाले. मग पडद्यावर हत्तीण आली. रिमोट टेबलावर गेला, चष्मा कपाळावर गेला.

"आता आमच्या सारथी मालनताईंची एक गंमत सांगतो."

"ती गंमत मी सांगते," मालन म्हणाली.

ती कधी उठून उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. संदेशराव हसत म्हणाले, "वा, हे तर आणखी छान," आणि माइक तिच्याकडे सरकवला. तिनं तो घेतला नाही. लिलावाच्या गलक्यात बोलायची सवय असलेल्या बाईला माइक कशाला लागतो?

"सायेब सांगतात की मी सवयीनं हॉर्न वाजवला. तसं झालं नाय. तिथं वळण नव्हतं. गाडी उभी व्हती. हत्तीण मला दिसत व्हती, तिचं पिल्लूपण दिसत व्हतं. आणि मी हॉर्न मुद्दाम वाजवला. हात दाबून धरला. परत तसं झालं तर परत वाजवीन."

मागून एक 'पों' अर्धा निघाला आणि तिथेच जिरला.

"मुद्दाम?" संदेशरावांचं हसू अजून ओठांवर होतं, पण त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "मालनताई, मुद्दाम कुणी हत्तीला हॉर्न देतं का?"

"मी दिला."

"का पण?"

"ते मी नाय सांगणार. मी कुणाला तरी शब्द दिलाय. तो मोडायचा नाय. पण का ते सांगत नाय म्हणून सवयीनं वाजवला असं कुणी म्हणायचं नाय. ह्यापुढं एकदापण नाय. तुम्हीपण नाय."

संदेशराव पुढे झाले आणि आवाज खाली आणून म्हणाले, पण पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलंच, "मालन, बस खाली. सगळा कार्यक्रम घालवशील. पुढच्या वर्षाचं आपलं ठरलंय ना?"

मालनला तेव्हा ती पांढरी वाट दिसली. नामिबियातली लाल टेकाडं दिसली, जी तिनं लांबून बघितली होती आणि जिथे पुन्हा नक्की येऊ असं मनात म्हटलं होतं. तिला तिथे जायचं होतं, ह्या हॉलातल्या कुणाहीपेक्षा जास्त जायचं होतं.

"ते मोडलं म्हणून समजा," ती म्हणाली. "हसं करून घेऊन मला कुठं जायचं नाय. नामिबियाला नाय नि कुठंच नाय."

आणि ती बसली नाही, उभीच राहिली. तिला संताप आला होता, तो एकट्या संदेशरावांचा नव्हता. तीन कार्यक्रम जी बाई रुमाल गुंडाळत बसली तिचाही होता. बाईंचा राग येतोय हे तिनं आजवर स्वतःलाही कळू दिलं नव्हतं. आता तो आला, चांगला घशाशी आला, आणि तरी शब्द तिनं पाळला.

स्टेजवर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ज्ञानेश्वरीबाई उठल्या होत्या. वर्गात यायच्या तशाच त्या पुढे आल्या, टेबलाच्या कडेला बोटं टेकवली.

"मी लघवीला उतरले होते," बाई म्हणाल्या.

पहिल्या रांगेतल्या बायका खुर्च्या पुढे ओढून बसल्या.

"हो, बरोबर ऐकलंत. मी सदुसष्ट वर्षांची आहे, रक्तदाबाची गोळी घेते आणि मला लघवी लागते. गेटवर सोय होती. तिथे थांबा म्हणून मी दोनदा सांगितलं. थांबले नाहीत, बिबळ्या निघून गेला असता. दोन तासांनी ह्या मुलीनं गाडी थांबवली, त्यांचं न ऐकता. मी वारुळाआड बसले होते आणि हत्तीण माझ्या पाठीमागून येत होती. मला पत्ताही नव्हता. हिनं हॉर्न वाजवून तिला स्वतःच्या अंगावर घेतलं. म्हणून मी आज इथे आहे." त्यांनी मालनकडे बोट केलं. "शब्द तिनं मला दिला होता. मीच मागितला होता. मला लाज वाटली. लघवीची लाज वाटली आणि ह्या मुलीला तीन वेळा चारचौघांत हसू दिलं त्याची नाही वाटली. मालन, ह्याची मला आता लाज वाटतेय."

मालननं डोळे पुसले.

पुढच्या रांगेत मनिषा पदर खोचत उठली. "बाई, मंग चोवीस दिवस तुम्ही दोघी पाणी पीत नव्हतात?"

"नाही."

"आम्हीपण नाय पीत. सकाळी सहाला पाटीपुढं बसलो की दुपारी घरी जाईस्तोवर. ते कुणी पडद्यावर दाखवत नाय." बायका हसल्या. हे हसणं आधीच्यासारखं नव्हतं. एकीनं दुसरीला ढकललं, तिसरी म्हणाली की तिला मुतखडा झाला तो असाच, डॉक्टरानं सांगितलं. पुरुष छताकडे बघायला लागले. भावेश लॅपटॉपच्या मागे जितका लपता येईल तितका लपला. संदेशराव दोनदा "एक मिनिट" म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ते एक मिनिट मिळालं नाही.

तेवढ्यात काठी वाजली. विठू तांडेल उठून उभा राहिला. त्याला उभं राहायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात बंदरची माणसं आपोआप गप्प झाली.

"मालन," तो म्हणाला, "वारा कुठनं व्हता?"

शहरातून आलेल्या पाहुण्यांना प्रश्न कळला नाही. मागच्या खलाशांना कळला, ते पुढे सरकले.

"पाठीमागनं," मालन म्हणाली. "गाडीवरनं हत्तिणीकडं, नि तिच्यावरनं बाईंकडं."

"म्हंजे बाईंचा वास तिला नव्हता."

"नव्हता. पण वाट तीच व्हती, बाबा. दहा पावलं आणखी आली असती तर बाई पायाखाली आल्या असत्या."

"नि गाडी वळवली का नायस?"

"वळवायला जागा व्हती. पण वळवली असती तर गाडी आडवी झाली असती, नि वाऱ्याची दिशा सुटली असती. तशीच मागं नेली. डिझेलचा वास नि हॉर्न, दोन्ही तिला येत रवायला हवं व्हतं. नायतर ती परत बाईंकडं फिरली असती."

"किती नेलीस?"

"दोनशे पावलं."

"वाळूत. मागं बघून."

"हां."

म्हाताऱ्यानं मान हलवली. डोळे मिटून त्यानं ते सगळं बहुतेक एकदा आपल्याशी करून बघितलं, वारा, वाट, बाई, गाडी. मग डोळे उघडले आणि मागे उभ्या असलेल्या खलाशांकडे वळून, लेकीकडे नव्हे, म्हणाला, "बरोबर चालवली."

आणि खाली बसला. चाळीस वर्षांत त्याच्या होडीवर काम केलेल्या माणसांपैकी दोघांना तो हे म्हणाला होता, आणि ते दोघेही अजून ते सांगत फिरतात. मालनला वाटलं आपण आता मोठ्यानं रडणार. ती रडली नाही, कारण बापासमोर रडायची तिची तयारी नव्हती.

पुढचा कार्यक्रम असा झालाच नाही. बायका स्टेजवर चढल्या, बाईंना विचारू लागल्या, मग मालनला विचारू लागल्या. तंबूत वर कसं चढता, सिंह आला तर, आणि तिकडच्या नद्यांना मासळी कसली. पडद्यावर हत्तीण तशीच उभी होती, दुसऱ्याच कळपाची.

गर्दी थोडी कमी झाल्यावर संदेशराव वायर गुंडाळत तिच्याजवळ आले. माणूस वाईट नव्हता, फक्त स्वतःच्या गोष्टीच्या प्रेमात पडला होता. कान अजून लाल होते. "मालनताई," ते म्हणाले, आणि आता ते स्टेजवर नव्हते, "झालं ते झालं. माझंच चुकलं. नामिबियाचं आपण नंतर निवांत बोलू."

"बोलायचं काय हाय त्यात?" मालन म्हणाली. "मी जाणार. बाई पुढच्या सीटवर बसणार, नि गाडी कुठं थांबायची ते आम्ही दोघी ठरवणार. तुम्हाला यायचं असलं तर मागं जागा हाय."